मुरगूडचा ठिपका

पीएचडीला नाव घातलं तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बारा वर्षं नेटवर्क शिकवत होते, आणि दरवर्षी वर्गातली मुलं तीच तक्रार करायची. मॅडम, रेंज फुल दाखवते पण पान उघडत नाही. मी त्यांना फळ्यावर कारणं काढून दाखवायचे. टॉवरवर गर्दी असते, माहितीची पाकिटं हवेतून येताना वाटेत हरवतात, हरवलेली पुन्हा मागवावी लागतात. मुलं वहीत उतरवून घ्यायची. पण पान ‘उघडलं’ म्हणजे नेमकं कधी, हे मला सांगता यायचं नाही. फोन म्हणतो, माझं काम झालं; माणूस म्हणतो, मला अजून काही दिसेना. कधी त्याच्या उलट. फोनचं आत काही ना काही चालूच असतं आणि माणूस वाचायलाही लागलेला असतो. या दोन क्षणांमधलं अंतर मोजायचं, एवढाच माझा विषय होता. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “एवढ्याशासाठी पीएचडी देतात?” त्याला म्हटलं, एवढ्याशालाच सहा वर्षं लागतात.

माझे गाइड निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ. मी त्यांना सर म्हणायचे आणि अजून म्हणते. लिहिलेलं वाचताना ते पेन्सिल हातात धरायचे, पेन कधीच नाही. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “प्रयोगशाळेत बसून माणसं कळत नाहीत. बाहेर जा.”

म्हणून मी बाहेर पडले. प्रयोग साधा होता. एका फोनमध्ये मी एक प्रोग्रॅम बसवला होता. तो एकामागून एक दहा वेबसाइटची पानं उघडायचा. कोपऱ्यात एक पिवळं बटण असायचं. समोरच्या माणसाला एकच सूचना: पान आलं असं वाटलं की पिवळं बटण दाबा. फोन त्या वेळी आतल्या आत सगळं टिपून ठेवायचा. सिग्नल किती होता, किती पाकिटं हरवली, पानाचा कुठला तुकडा कधी आला, हे सगळं. स्क्रीनवर जे घडतं त्याचं चित्रीकरणही व्हायचं. या सगळ्यावरून मला एक सूत्र बांधायचं होतं. नेटवर्कची अवस्था सांगा, मी सांगते की माणसाला पान कधी आल्यासारखं वाटेल.

कॉलेजातली मुलं बटण दाबायला टपलेलीच असायची. मथळ्याची पहिली ओळ दिसली की दाबलं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या कँटीनमध्ये पत्र्याखाली रेंज तुटायची. तिथले कामगार डब्याचा घास घेत घेत, जवळपास न बघताच दाबायचे. बिद्रीच्या रस्त्यावर एका दूध संकलन केंद्रात एक बाई म्हणाल्या, “हे एक बरं हाय. एरवी आमीच फोनची वाट बघतोय, आज फोन आमची बघतोय.” माणसं वेगवेगळी, पण बटण साधारण एकाच सुमाराला दाबत होती. मला बरं वाटत होतं. सूत्र जमणार अशी चिन्हं होती.

मुरगूडला मी जानेवारीत गेले. उसाचे ट्रॅक्टर रस्ता धरून चाललेले, त्यामुळे एसटी रखडत पोचली. बाजारात एका चहाच्या गाड्यावर मी दोघा-तिघांना विचारून पाहिलं. “ह्यातनं आमचा नंबर कुठं जाईत न्हाय न्हवं, मॅडम?” एवढं विचारून एकेक जण सटकला. शेवटी चहावालाच म्हणाला, “स्टँडमागं चाचांचं ऑनलाइनचं दुकान हाय. तितं जावा. त्येंचं दिवसभर त्येच काम.”

दहा बाय दहाचा गाळा. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, पासपोर्ट फोटोसाठी भिंतीवर टांगलेला पांढरा पडदा. काचेच्या कपाटावर प्लॅस्टिकनं झाकलेला एक जुना टाइपरायटर. टेबलामागं साठीतले एक गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मग मीही चाचाच म्हटलं. टाइपरायटरकडं माझं लक्ष गेलेलं बघून ते म्हणाले, “पयला हितं टायपिंगचा क्लास हुता माझा. मराठी, इंग्रजी दोनी. ह्या भागातले निम्मे कारकून माझ्या हाताखालनं गेल्यात बघा.” क्लास बंद पडल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतले होते, आणि आता दाखले, प्रवेश, नोकऱ्यांचे अर्ज असं सगळं लोकांना भरून देत होते.

मी संमतीचा कागद पुढं केला. बाकीचे लोक न वाचता सही करायचे. चाचांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग सही केली. फोन हातात न धरता टेबलावर आडवा ठेवला. दोन्ही हात फोनच्या दोन बाजूंना ठेवून बसले.

पहिलं पान उघडलं. मथळा आला, फोटो आला, खाली मजकूर आला. माझ्या मनातलं बटण केव्हाच दाबून झालं होतं. चाचा नुसते बघत होते.

“चाचा, पान आलं की पिवळं बटण दाबायचं,” मी आठवण केली.

“व्हय की. आलं न्हाय अजून.”

“दिसतंय ना सगळं?”

“दिसतंय,” ते म्हणाले. “आलं न्हाय.”

आणि मग, मला काही कारण कळायच्या आत, त्यांनी बटण दाबलं. पुढच्या पानाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. दहाही पानांना त्यांनी इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतला. मी पुन्हा टोकलं नाही, कारण टोकलं की प्रयोग बिघडतो. वहीत त्यांच्या क्रमांकापुढं लिहिलं, ‘सूचना समजली नसावी.’ चहा पिऊन, आभार मानून मी परतीची एसटी धरली.

मे महिन्यात मी सगळ्यांची माहिती एकत्र करून आलेख काढला. एका माणसाचा एक ठिपका; नेटवर्क जितकं खराब तितका उजवीकडं, बटण जितकं उशिरा तितका वर. सगळे ठिपके एका तिरक्या रेषेच्या आसपास गोळा झाले होते, आणि एकच ठिपका वर, एकटा, रिकाम्या जागेत होता. क्रमांक न बघताच मला कळलं, तो मुरगूडचा. त्या एकामुळं माझी रेषा वर ओढली जात होती. मी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “हा काढून बघ.”

काढला. रेषा सरळ बसली. इतकी सरळ, की मी तो आलेख छापून घरी कपाटावर चिकटवला.

तेव्हा माझ्यामागं घाई होती. पीएचडीची मुदत दोनदा वाढवून घेतली होती. प्रबंध द्यायच्या आधी एक शोधनिबंध छापून यायला हवा होता, आणि एका परिषदेची शेवटची तारीख जूनमध्ये होती. मी निबंध लिहून काढला. त्यात एक ओळ होती, ‘सूचना न समजल्यामुळे एका सहभागीची माहिती वगळली आहे.’ असं सगळेच लिहितात. मी दुसऱ्यांच्या निबंधांत ही ओळ कितीदा वाचली होती.

सरांनी निबंध वाचून परत दिला. व्याकरणाच्या दोन-चार खुणा, एका आलेखाच्या मथळ्यात दुरुस्ती. आणि त्या ओळीसमोर समासात पेन्सिलीनं एकच शब्द, ‘कशावरून?’

मला राग आला. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. “सर, तुम्हीच म्हणाला होतात काढून टाक.”

“काढून बघ म्हणालो,” सर शांतपणे म्हणाले. “रेषा कशी दिसते ते बघायला. हे वाक्य माझं नाही, तुझं आहे. त्यांना सूचना समजली नाही असं त्यांनी सांगितलं का?”

“नाही.”

“तू विचारलंस का?”

विचारलं नव्हतं. उलट त्यांनी मला अगदी स्वच्छ शब्दांत काहीतरी सांगितलं होतं आणि मी ते ऐकून घेतलं नव्हतं. हे केबिनमध्ये उभं असताना लक्षात आलं, पण कबूल करायला जड गेलं. “तारखेला आठ दिवस राहिलेत सर,” मी म्हणाले.

“मुरगूडला जायला एक पुरतो,” सर म्हणाले आणि दुसऱ्या कागदाकडं वळले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गेले. प्रवेशांचे दिवस होते. चाचांच्या दुकानाबाहेर रांग पायरीखाली उतरली होती. मुली, मुलं, त्यांच्या आया, कुणाचे वडील, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत दाखले. चाचांनी मला बरोबर ओळखलं. “फोनवाल्या ताई न्हवं तुमी? बसा. आता बोलायला सवड न्हाय, पण बसा.” त्यांनी एक स्टूल आपल्या मागं सरकवलं. मी त्यांच्या खांद्यामागं बसले आणि दुपारपर्यंत तिथून उठले नाही.

त्या चार-पाच तासांत मी जे पाहिलं, ते आधी पाच महिने माझ्याकडंच होतं. फोननं टिपून ठेवलं होतं. मला ते वाचता आलं नव्हतं.

चाचा भराभर टाइप करायचे, कीबोर्डकडं न बघता. नाव, पत्ता, गुण, जन्मतारीख. पण जिथं काही दाबायचं असेल, तिथं ते माउसवरून हात उचलायचे. सरळ उचलून टेबलावर ठेवायचे, आणि पान बघत बसायचे. रांगेतला एक जण वैतागून म्हणाला, “चाचा, आलंय की. दाबा की आता.”

“थांब जरा. पळून चाललंय व्हय ते?”

आणि खरंच, तेवढ्यात ते पान चालायचं. वरच्या बाजूला लाल पट्टी उगवायची, ‘महत्त्वाची सूचना’ अशी काहीतरी, आणि तिच्यासाठी जागा करायला खालचं सगळं बोटभर खाली सरकायचं. मजकूर, रकाने, बटणं, सगळं. ते सरकून झालं, की अजून क्षणभर थांबून चाचा माउसला हात लावायचे. एखाद्या पानावर असं दोनदा व्हायचं. त्यांना कुठलं पान किती वेळा हलतं हे पाठ होतं.

दोन वाजता रांग ओसरली. त्यांनी समोरून चहा मागवला, दार अर्धं लोटलं आणि खुर्ची माझ्याकडं वळवली. “हं, बोला ताई. काय चुकलं का माझं त्या दिवशी?”

“तुमचं नाही,” मी म्हणाले. “मला विचारायचं होतं, तुम्ही एवढा वेळ का थांबता?”

त्यांनी बशीत चहा ओतला.

“चार-पाच वर्सं झाली,” ते म्हणाले. “एक पोरगी आलीती. हितनं जवळच्याच गावातली. बारावीला चांगले मार्क. औषधांचा डिप्लोमा करायचा म्हणत हुती. तिचा बापबी संगट हुता. सगळा फॉर्म भरला. मग शेवटाला कॉलेजांची यादी येती. पसंतीनं एक, दोन, तीन असं लावायचं. ते पान काय करतंय, आपलं आपणच कसल्यातरी क्रमानं कॉलेजं मांडून दाखवतंय. पयल्या नंबरला लांबच्या जिल्ह्यातलं कॉलेज. पोरीला कोल्हापूर पायजे. मी म्हटलं, थांब, क्रम बदलूया. यादीच्या खाली ‘क्रम बदला’ आणि त्याच्या वर ‘कायम करा’. मी ‘क्रम बदला’वर बाण नेला आणि दाबलं.”

त्यांनी एक बोट टेबलावर टेकवून दाखवलं.

“आणि पान सरकलं,” मी म्हणाले.

“सरकलं. पट्टी आली वरनं. बटण खाली गेलं आणि वरचं बटण माझ्या बाणाखाली आलं. ‘कायम करा’.”

“पुन्हा विचारलं नाही का, नक्की ना म्हणून?”

“न्हाय. हिरवी टिक आली. आपला अर्ज कायम झाला, अभिनंदन.”

त्या दिवसांत गावात रस्त्याचं काम चाललं होतं, केबल तुटली होती, आणि चाचा महिनाभर फोनच्या हॉटस्पॉटवर दुकान चालवत होते; प्रवेशांच्या गर्दीत केबल रखडली, की अजूनही तेच करत होते. हे त्यांनी सहज सांगितलं. पण मला तिथं बसल्या बसल्या सगळं उमगलं. पट्टीचं चित्र जड होतं. हवेत पाकिटं हरवत होती, पुन्हा मागवली जात होती, आणि म्हणून ती पट्टी सगळ्यांच्या मागून येत होती. मोठ्या शहरात चांगल्या जोडणीवर बसून ज्यानं हे पान बनवलं, त्याच्या स्क्रीनवर पट्टी बाकीच्या पानाबरोबरच येत असणार. पान सरकतं हे त्याला कधी दिसलंच नसेल.

“मग काय केलंत?” मी विचारलं.

“काय करनार? तिच्या बापाला घेऊन कोल्हापूरला गेलतो, त्या हापिसात. एकदा गेलतो, परत एकदा गेलतो. साहेब माणूस चांगला. बसवून घेतलं, पाणी दिलं. पण म्हणाला, कुलूप लागलंय आता, माझ्या हातात न्हाय. पोरीला ते लांबचंच कॉलेज लागलं. बापानं काय तिकडं पाठवली न्हाय. एक वरीस घरात बसली.”

रस्त्यावरून एक एसटी गेली. चाचांनी बशी खाली ठेवली. चहा पिऊन झाला होता की निवून गेला होता, माझ्या ध्यानात नाही.

“बाप लई बोलला मला. बोलू दे, त्येचं बरोबर हाय. पोरगी नुसती बघत हुती त्या टिककडं. टायपिंगला आमी पोरांस्नी सांगायचो, एक अक्षर चुकलं की कागद गेला, म्हणून हात पडायच्या आधी डोळं पडू दे. आणि मी सोताच…”

मग त्यांनीच सांगितलं की पुढच्या वर्षी प्रवेश सुरू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती मुलगी पुन्हा आली. गावात तोवर आणखी दोन दुकानं झाली होती, तरी इथंच आली. बाप दारात उभा राहिला, आत आला नाही. “तिला म्हटलं, बाय, दुसरीकडं जा, माझ्या हातनं एकदा चुकलंय. तर म्हणती, चाचा, तुमीच भरा, तुमी आता चुकायचं न्हाय.” त्या दिवशी त्यांनी यादीचं पान उघडलं आणि मागची रांग ओरडेपर्यंत बटणाला हात लावला नाही. मुलीला कोल्हापूर मिळालं. आता ती कागलला औषधाच्या दुकानात आहे. “बीपीच्या गोळ्या तिच्याकडनंच आणतोय मी.”

निघायच्या आधी मी त्यांना ते यादीचं पान उघडायला सांगितलं आणि माझ्या फोनवर त्याचं चित्रीकरण केलं. पट्टी येताना, बटण खाली जाताना. घरी येईपर्यंत मी ते वीसेक वेळा पाहिलं असेल.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाऊन मी जानेवारीतली नोंद काढली. चाचांची दहा पानं. प्रत्येक पानाचं चित्रीकरण हळू करून, चौकटीमागून चौकट बघत गेले. पान शेवटचं कधी हललं ते एका रकान्यात लिहिलं, चाचांनी बटण कधी दाबलं ते शेजारी. दहाही पानांवर तेच. शेवटची हालचाल झाली, जरा दम धरला, बटण दाबलं. एकदाही आधी नाही. सगळ्या माहितीत इतकी नेटकी नोंद दुसऱ्या कुणाची नव्हती. बाकीचे आम्ही सगळे अंदाजानं दाबत होतो. पान दिसलं की झालं असं धरून चालत होतो. आणि ज्या माणसाला मी ‘सूचना समजली नसावी’ म्हणून काढून टाकलं होतं, त्यानं ‘आलं’ या शब्दाचा अर्थ आमच्यापेक्षा नीट लावला होता.

मी दोन रकान्यांचा कागद सरांसमोर ठेवला आणि मुलीची हकिकत सांगितली. सांगून झाल्यावर त्यांनी कागद स्वतःकडं ओढला आणि बराच वेळ बघितला.

“आपला प्रश्न चुकला होता,” ते म्हणाले. आपला म्हणाले, तुझा नाही. मला त्याचं फार बरं वाटलं.

“मग निबंध?”

“तू सांग.”

मी तो पाठवला नाही. असं लिहिताना सोपं वाटतं, पण त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. मुदत तिसऱ्यांदा वाढवायला अर्ज करावा लागणार होता, विभागप्रमुखांसमोर उभं राहावं लागणार होतं, आणि माझ्यामागून नाव घातलेली दोन तरुण मंडळी माझ्याआधी डॉक्टर होणार होती. नवऱ्यानं विचारलं, “एका माणसासाठी?” मी त्याला यादीच्या पानाचं चित्रीकरण दाखवलं. त्यानं ते बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, “माझ्या बाबांच्या पेन्शनच्या फॉर्मला असंच झालं होतं. मला वाटलं, माझंच बोट चुकलं.” कपाटावरचा तो सरळ रेषेचा आलेख मी काढून ठेवला.

नवा प्रयोग मांडायला पावसाळा गेला. पानं तीच ठेवली, त्यात अर्ज भरायची दोन पानं घातली. सूचना बदलली. आता मी विचारायचे, ‘यावर निर्धास्त बोट ठेवाल असं वाटलं की पिवळं बटण दाबा.’ आणि ठिपके पांगले. पूर्वीसारखे एका रेषेभोवती बसेनात. बातम्या आणि व्हिडिओ बघणारी मुलं अजूनही घाईत दाबायची. पण ज्यांनी कधी ना कधी अर्ज भरला होता, आणि तो भरताना फसले होते, ते थांबायचे. शिरोलीच्या त्याच कँटीनमध्ये एक कामगार घास खाली ठेवून फोनकडं बघत बसला. मी कारण विचारलं, तर म्हणाला, “रजेच्या अर्जात तारीख भलतीच पडलीती एकदा. तवापास्नं बघूनच दाबतोय.” दूध केंद्रातल्या त्या बाईंनी तर मला विचारलं, “मागच्या बारीला आसं नीट का इचारलं न्हाई?”

सूत्र मिळालं नाही. निदान मी शोधत होते तसलं, एका ओळीत मावणारं मिळालं नाही. मिळालं ते एवढंच, की सिग्नल खराब असतो तिथं पान नुसतं उशिरा येत नाही, ते तुकड्यातुकड्यानं येतं आणि येता येता हलतं. आणि ते हलणं वेळेपेक्षा जास्त त्रास देतं. प्रबंधात हे सांगायला चार प्रकरणं लागली. निबंध एका लहानशा परिषदेत स्वीकारला गेला. एका परीक्षकानं लिहिलं होतं की एका दुकानदाराच्या सवयीवर इतकं अवलंबून राहणं धोक्याचं आहे. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून तर मी पुन्हा माणसं गोळा केली होती, आणि तेच उत्तरात लिहून पाठवलं.

प्रवेशांची ती वेबसाइट चालवणाऱ्या कार्यालयालाही मी चित्रीकरणासकट पत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.’ पुढच्या हंगामात मी पान उघडून पाहिलं, तर पट्टीसाठी वर आधीपासूनच रिकामी जागा सोडलेली होती. बटणं हलत नव्हती. माझ्या पत्रामुळं झालं की आणखी कुणी बोंब मारली होती, कोण जाणे. यादीत कॉलेजं मात्र अजूनही आपल्याच क्रमानं येतात.

प्रबंध मंजूर झाल्यावर त्याची एक प्रत घेऊन मी मुरगूडला गेले. चाचांनी ती मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून चाळायला सुरुवात केली. इंग्रजी होतं, विषय त्यांच्या ओळखीचा नव्हता, तरी ते एकेक ओळ बोटाखालून नेत होते.

“ह्यात मी कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना ते प्रकरण काढून दिलं. तिथं नाव नव्हतं, फक्त सहभागीचा क्रमांक होता. मी समजावलं की नाव लिहायचं नसतं. “बरं हाय,” ते म्हणाले. “न्हायतर लोकांस्नी कळंल, चाचा कुठं चुकलावता.” मग जरा वेळानं चष्मा सावरत म्हणाले, “ताई, ह्या पानावर एक स्पेलिंग चुकलंय. आणि हितं स्पेस दोन पडल्यात.” पाच जणांनी वाचलेल्या प्रबंधात ते कुणालाच दिसलं नव्हतं. मी पेन्सिलीनं खुणा करून घेतल्या.

निघताना ते म्हणाले, “तुमचं काम झालं. आता माझं एक करा. जूनमदी दोन दिवस येऊन बसा हितं. दुसरा कॉम्प्युटर मोकळा पडतोय, आणि मला एकट्याला आवरत न्हाय.”

मी हो म्हटलं, आणि जूनमध्ये गेले. त्याला आता तीन वर्षं झाली. कॉलेजात रजा टाकते, सकाळच्या एसटीनं जाते, दोन दिवस चाचांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून अर्ज भरते. पहिल्या वर्षी माझ्यासमोर पहिली आली ती एक आई आणि तिची मुलगी. मुलगी बुजरी, आई धीट. मी नाव टाइप केलं, गुण टाइप केले, दाखले चढवले. मला वाटायचं, हे आपल्याला काय नवीन, इतकी वर्षं हेच शिकवतोय. शेवटचं पान आलं. पट्टी आपल्या जागेवर होती. बटणं हलत नव्हती, हे मला माझ्या मोजमापांवरून माहीत होतं. तरी माझा हात माउसवरून उचलला गेला. मागं मुलीचा श्वास ऐकू येत होता. वर्गात, प्रयोगशाळेत, परिषदेत असं बोट जड झाल्याचं मला कधी आठवत नाही.

“येत न्हाय काय मॅडम?” आईनं विचारलं.

“येतंय,” मी म्हणाले. मुलीला स्क्रीनजवळ बोलावलं आणि यादी वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचायला लावली. तिनं वाचली. तिसऱ्या आणि चौथ्या नावाला ती अडली, दोन्हींची अदलाबदल कर म्हणाली. मी केली. मग पुन्हा वाचून घेतली, आणि दाबलं.

छापलेली पावती मशीनमधून गरम गरम बाहेर आली. आईनं ती दोनदा घडी घालून पिशवीत ठेवली. शेजारून चाचा म्हणाले, “ताई, पुढचं घ्या की. लाइन उनात उभी हाय.”